सापडला नाही म्हणजे नाहीच, असं थोडीच असतं?

वेताळ टेकडीवर सकाळी आमचा एक फिरायचा ग्रुप आहे, त्यात एक काका आहेत ज्यांनी आख्खं आयुष्य ऑडिटमध्ये काढलंय, त्यामुळे ग्रुपवर कुठलाही फॉरवर्ड पडला की त्यांचा पहिला प्रश्न "आधार काय याला?" तर मध्ये कोणीतरी बातमी टाकली की दक्षिण आफ्रिकेत एक गोल्डन मोल ८६ वर्षांनी सापडला. मुठीत मावेल एवढा प्राणी, चमकदार केस, डोळ्यांवर कातडी चढलेली म्हणजे ठार आंधळा, आणि राहतो समुद्रकाठच्या वाळूच्या आत. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकून दिले (का ते विचारू नका, आमच्याकडे सगळ्यालाच तो इमोजी चालतो). काका मात्र दुसऱ्या दिवशी चढावर मला म्हणाले, "अगं, ८६ वर्षं तो हरवला होता, की ८६ वर्षं कोणी शोधलाच नव्हता? दोन्हीत फरक आहे ना?"

आहे, आणि दुर्मिळ प्राणी शोधायचा सगळा खेळ त्या एका फरकावरच चालतो. टीव्हीवर बघून आपल्याला वाटतं की कोणीतरी टोपीवाला माणूस कोयत्याने जंगल तोडत चाललाय आणि अचानक समोर प्राणी. तसंही होतं कधीतरी, पण बरंचसं काम कंटाळवाणं असतं, वाळू चाळायची, जुनी लेबलं वाचायची, हजारो फोटो बघायचे ज्यात नुसतं हलणारं गवत असतं.

आधी तुळशीबाग घ्या. दिवाळीच्या आधीचा रविवार, तुम्ही मावशीबरोबर गेलात आणि मावशी गर्दीत गायब, फोन उचलत नाही. तुम्ही १० मिनिटं शोधलंत, नाही दिसली. आता "मावशी तुळशीबागेत नाही" असं म्हणता येईल का? नाही ना, कारण ती कदाचित बांगड्यांच्या दुकानात आत बसली असेल, किंवा तुम्ही या गल्लीत असताना ती त्या गल्लीत, आणि तुम्ही तिकडे गेलात तेव्हा ती इकडे. पण हेच तुम्ही ४ तास शोधलंत, प्रत्येक दुकानात डोकावलात, दोन टोकांना दोन भावंडं उभी केलीत आणि तरी नाही दिसली, तर मग ती रिक्षा करून घरी गेली असं मानायला हरकत नाही. म्हणजे "नाही दिसली" या वाक्याला स्वतःची अशी किंमतच नसते, ती येते किती शोधलं, कुठे शोधलं आणि कसं शोधलं यावरून.

शास्त्रज्ञ हेच आकड्यात मांडतात. समजा जंगलात एक कॅमेरा लावलाय आणि प्राणी तिथे राहतोय हे नक्की, पण एका रात्रीत तो त्या कॅमेऱ्यासमोरून जायची शक्यता ५ टक्के. मग १४ रात्री कॅमेरा ठेवला तरी तो एकदाही न दिसण्याची शक्यता जवळपास निम्मी. ६० रात्री ठेवला तर ती साधारण ५ टक्क्यांवर येते. आता प्राणी फारच विरळ असेल, रात्रीची शक्यता ५ च्या ऐवजी १ टक्का, तर त्याच ६० रात्रींनंतरसुद्धा तो असून न दिसण्याची शक्यता ५५ टक्के उरते! तिथे ५ टक्क्यांवर यायला ३०० रात्री लागतात, म्हणजे एक कॅमेरा ३०० रात्री, नाहीतर नीट पसरून लावलेले १० कॅमेरे महिनाभर. म्हणून या लोकांच्या रिपोर्टमध्ये किती दिवस गेलो यापेक्षा किती कॅमेरा-रात्री झाल्या हे लिहिलेलं असतं, काकांना हे फार आवडलं, म्हणाले "सॅम्पल साइज लिहिल्याशिवाय सही करायची नाही, बरोबर."

आता तो आंधळा मोल. डी विंटन्स गोल्डन मोल असं त्याचं नाव, १९३७ नंतर कोणाला दिसला नव्हता. कॅमेरा लावून उपयोग नाही कारण तो वाळूवर येतच नाही फारसा, वाळूत पोहल्यासारखा सरकतो. तर पोर्ट नॉलथ नावाच्या गावाजवळच्या किनाऱ्यावर टीम गेली आणि बरोबर एक कुत्री, जेसी नावाची बॉर्डर कोली. आता गंमत बघा, जेसीला डी विंटनचा वास शिकवणार कसा, वास द्यायला प्राणीच नाही कोणाकडे! मग तिला शिकवले आसपासच्या नेहमीच्या गोल्डन मोलचे वास. वाळूत सरकल्याची ताजी खूण दिसली आणि जेसीने ओळखीचा इशारा दिला, तर तो नेहमीचा मोल. खूण ताजी आहे पण जेसी ढिम्म, काहीच सांगत नाही, तर मग इथे थांबा, हा वेगळा कोणीतरी असू शकतो. कुत्रीचं गप्प राहणं हाच पुरावा, मला हे वाचून टाळी वाजवावीशी वाटली.

मग तिथली वाळू उचलायची. प्राणी जिथून जातो तिथे केस, कातडीचे कण, लघवी असं काही ना काही सोडून जातो आणि त्यात त्याचा डीएनए असतो, याला ई-डीएनए म्हणतात, वाळूतून, पाण्यातून, मातीतून, अगदी हवेतूनही काढता येतो. कोविडमुळे आरटी-पीसीआर हा शब्द आपल्याकडे पोराटोरांना पाठ झालाय, साधारण तेच तंत्र, डीएनएचा बारीकसा तुकडा घ्यायचा, त्याच्या कॉप्यांवर कॉप्या काढायच्या, मग त्यातली अक्षरं वाचायची आणि माहीत असलेल्या प्राण्यांच्या यादीशी जुळवायची. अडचण अशी की जुळवायला यादीत तो प्राणी आधी असावा लागतो. ठसा मिळाला पण मूळ माणसाचा ठसा रेकॉर्डवर नाही, तर काय करणार? इथेही तेच झालं, नमुने घेतल्यावर लगेच खात्री झाली नाही, केप टाउनच्या म्युझियममध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यातून डीएनए मिळाला तेव्हा कुठे जुळणी पक्की झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे धूळ खात पडलेलं कपाटातलं कातडंच शेवटी साक्षीला आलं. (म्युझियममधले मेलेले प्राणी कशाला सांभाळायचे असं विचारणाऱ्यांसाठी.)

ई-डीएनएचीच एक विचित्र बहीण म्हणजे जळू. पावसाळ्यात आंबोलीला गेलेल्या कोणालाही जळू माहीत आहे, बुटातून काढताना शिव्याही माहीत आहेत. जळवेने ज्याचं रक्त प्यायलं त्याचा डीएनए तिच्या पोटात बरेच दिवस टिकतो, बकरीचं रक्त पाजून बघितलं तर ४ महिन्यांनंतरसुद्धा ओळखता आला. म्हणून २०१२ मध्ये काही संशोधकांनी व्हिएतनामच्या जंगलातल्या २५ जळवा तपासल्या तर २१ जणींमध्ये सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला, त्यात एक दुर्मिळ भेकर आणि एक पट्टेरी ससा, जो तिथे हजारो कॅमेरा-रात्री घालवूनही कॅमेऱ्यात आला नव्हता. आपण प्राण्याच्या मागे धावण्यापेक्षा जळू आपल्याकडे स्वतः चालत येते, सॅम्पल गोळा करायला पाय उघडे ठेवले की झालं.

कॅमेरा ट्रॅपबद्दल थोडक्यात, कारण हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, जुन्नरच्या बिबट्यांमुळे तर नक्कीच. झाडाला बांधलेला डबा, त्यात सेन्सर, समोर ऊब असलेलं काही हललं की फोटो. त्यामुळे साप-बेडूक याला बहुतेक दिसत नाहीत, आणि उन्हात तापलेली पानं हलली की हा वेडा होऊन शेकडो फोटो काढतो. पण याचा सगळ्यात भारी किस्सा २०२३ चा. इंडोनेशियाच्या पापुआमधल्या सायक्लॉप्स डोंगरात एक लांब चोचीचा एकिड्ना राहतो, साळिंदरासारखे काटे, मुंगीखाऊसारखं नाक आणि वर अंडी घालणारा सस्तन प्राणी. डेव्हिड अटेनबरो यांचं नाव दिलंय त्याला. शास्त्राकडे याचा एकच नमुना होता, १९६१ मध्ये एका डच वनस्पतीतज्ज्ञाला मिळालेला. ऑक्सफर्डची टीम गेली, स्थानिक लोक बरोबर, ८० च्या वर कॅमेरे लावले, एकाचा हात मोडला, एकाला मलेरिया, एकाच्या डोळ्याला जळू चिकटली ती दीड दिवस निघेना. आठवड्यांमागून आठवडे, एकिड्नाचा पत्ता नाही. आणि शेवटच्या दिवशी शेवटच्या मेमरी कार्डवर, शेवटच्या काही फोटोंमध्ये, तो. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं की काहीही दाखवतात.

त्या डोंगराखालच्या योंगसू सापारी गावाची एक जुनी रीत पण वाचली. दोन जणांचं भांडण झालं की एकाला डोंगरात एकिड्ना शोधायला पाठवायचं आणि दुसऱ्याला समुद्रात मार्लिन मासा शोधायला. दोन्ही इतके अवघड की सापडेपर्यंत वर्षं जातात, पिढी पण उलटते, आणि सापडले की भांडण मिटलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या वादाला हा उपाय लागू करावा असं मी मीटिंगमध्ये सुचवलं होतं, मिनिट्समध्ये घेतलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते आपल्या महाराष्ट्रातल्या गोष्टीबद्दल, कारण ती या सगळ्यांपेक्षा भारी आहे आणि आपल्याकडेच कमी लोकांना माहितीये. रानपिंगळा. साधा पिंगळा पुण्यात कुठेही दिसतो, संध्याकाळी वायरवर बसून आपल्याकडे टकामका बघणारं छोटं घुबड, तो. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद, जरा दणकट, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोटाचा खालचा भाग पांढरा, आणि घुबड असून दिवसा फिरतो. १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली, पुढच्या काही वर्षांत मोजके नमुने मिळाले, त्यातले बरेचसे आपल्या खानदेशातून, जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने जमवलेले. १८८४ नंतर सगळं बंद.

आता इथे घोटाळा येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचे एक फार मोठे ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ होते, त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता ज्यावर लिहिलं होतं की हा १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीला मारला. म्हणजे शेवटची नोंद १८८४ ची नसून १९१४ ची, आणि जागा मांडवी. झालं, १९७० च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला तोसुद्धा या नोंदीवर विसंबून, आणि हाती काही लागलं नाही. बहुतेकांनी मनातल्या मनात पिंगळ्याचं श्राद्ध घालून टाकलं.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन शास्त्रज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर काम करत होत्या, त्यांना म्युझियममधले माइनर्ट्झहागेनचे नमुने तपासताना शंका यायला लागली. प्रत्येक माणसाची पक्षी पेंढा भरून ठेवायची पद्धत वेगळी असते, टाका कसा घालतो, कापूस कसा भरतो, पाय कसे बांधतो, जवळजवळ हस्ताक्षरच ते. त्या १९१४ च्या पिंगळ्याचे एक्स-रे काढले, आतलं भरण तपासलं, तर वरवर नव्याने टाके घालून सजवलेला असला तरी आतमध्ये डेव्हिडसनचा हात दिसत होता! म्हणजे साहेबांनी लंडनच्या म्युझियममधून डेव्हिडसनचा जुना नमुना उचलला, उसवला, परत शिवला, खोटं लेबल लावलं आणि स्वतःचा म्हणून मिरवला. आणि हे एकाच पक्ष्याचं नाही, त्यांनी असे पुष्कळ नमुने ढापलेले निघाले.

काका हे ऐकताना टेकडीवर चालायचे थांबले. "बोगस एन्ट्री," एवढंच म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले त्यात ३५ वर्षांची नोकरी होती.

एका खोट्या लेबलने किती नुकसान केलं बघा. रासमुसेन यांनी ती नोंद खोडली आणि ज्या नोंदी खऱ्या त्यांच्याच जागा हातात धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे आले, आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी गेले, तिथे काही नाही, मग खानदेशात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी पानगळ झालेल्या झाडावर, उजेडात, रानपिंगळा बसलेला. ११३ वर्षांनी. आणि मग काय झालं, तर नेमकं काय बघायचं, कुठे बघायचं, कुठल्या वेळी बघायचं हे कळल्यावर तो मिळायलाच लागला, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांनी तोरणमाळला बघितला, मेळघाटात बघितला जिथे त्याची संख्या सगळ्यात चांगली आहे, २०१४ मध्ये तर थेट तानसा अभयारण्यात मिळाला, मुंबईच्या दारात! पक्षी हरवला नव्हता हो, आपला पत्ता चुकलेला होता. रात्रीचं घुबड समजून शोधलं तर दिवसा फिरणारा कसा सापडणार, हेही त्यात आलंच.

वेळेची चूक किती महागात पडते याचं अजून एक उदाहरण म्हणजे केरळातला जांभळा बेडूक, फुगलेला, टोकदार नाकाचा, वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पहिल्या पावसात जेमतेम दोन आठवडे वर येतो. २००३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली तेव्हा जगभर खळबळ, कारण त्याचे जवळचे नातेवाईक हिंदी महासागरातल्या सेशल्स बेटांवर आहेत, भारत आणि सेशल्स एकाच भूखंडाचा भाग होते तेव्हाचं हे नातं. ५० आठवडे शोधलंत आणि ते दोन चुकलात तर तुमच्या वहीत शून्य.

आणि "शास्त्राला सापडला" म्हणजे माणसाला सापडला असं नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या म्युझियमवालीला मासेमारी बोटीच्या ढिगात सीलाकँथ मासा दिसला, जो डायनासोरबरोबर संपला असं जग धरून चाललं होतं. दुसरा शोधायला इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज अशा तीन भाषांत पत्रकं वाटली, १०० पौंडांचं बक्षीस लावलं, १४ वर्षं गेली, आणि १९५२ मध्ये तो कोमोरोस बेटांवर मिळाला तेव्हा कळलं की तिथल्या कोळ्यांना तो चांगला माहीत आहे, गोंबेसा म्हणतात, जाळ्यात-गळाला येतो अधूनमधून, फार कामाचा नाही. मग १९९७ मध्ये एक शास्त्रज्ञ हनिमूनला इंडोनेशियात गेलेला, बायकोला मासळीबाजारात हातगाडीवरून एक विचित्र मासा जाताना दिसला, तो सीलाकँथ, आफ्रिकेपासून जवळपास १० हजार किलोमीटर लांब! तिथल्या कोळ्यांकडे त्यालाही नाव होतंच, राजा लाउट, समुद्राचा राजा. साओला नावाचा गाईबैलांच्या कुळातला लांब शिंगांचा प्राणी १९९२ मध्ये व्हिएतनाममध्ये कळला तो सुद्धा जंगलात दिसून नाही, शिकाऱ्यांच्या घरात टांगलेल्या शिंगांवरून. त्याला रानात मोकळा फिरताना आजवर एकाही शास्त्रज्ञाने डोळ्यांनी बघितलेलं नाही, कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो २०१३ चा.

आपल्या शेजारचंच बघा, आंध्रातला जर्डन्स कोर्सर हा पक्षी १९८६ मध्ये परत मिळाला तेव्हा आसपासच्या लोकांकडे त्याचं कलिवी कोडी हे नाव आधीपासून होतं. म्हणून चांगली टीम गावात पहिल्यांदा चहा पिते, फोटो दाखवते, आणि थेट "हा पाहिलाय का?" असं विचारत नाही, कारण आपल्याकडे पाहुण्याला नाराज करायचं नसतं, लोक हो म्हणून टाकतात. अनुभवी लोक चार फोटो ठेवतात, त्यात एखादा भलत्याच खंडातला प्राणी घुसवतात. तोही पाहिलाय म्हणाले की समजायचं, चहा चांगला होता.

काकांचा पुढचा प्रश्न साहजिक होता, मग कधी म्हणायचं की संपला? आययूसीएन, म्हणजे धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणारी संस्था, तिचा नियम असा की शेवटचा जीवही मेलाय याबद्दल वाजवी शंका उरली नाही, तेव्हाच नामशेष. त्यात दोन्हीकडून धोका आहे. फार लवकर मेला म्हणून घोषित केला तर त्याच्या जंगलाचं संरक्षण जातं, पैसे थांबतात, आणि कदाचित खरंच उरलेले चार मरतात, पक्षीतज्ज्ञ याला रोमिओ एरर म्हणतात, ज्युलिएट मेली समजून रोमिओने जे केलं ते. आणि फार उशीर केला तर अमेरिकेतल्या आयव्हरी-बिल्ड सुतार पक्ष्यासारखं होतं, सगळ्यांना मान्य असलेलं शेवटचं दर्शन १९४४ चं, २००५ मध्ये एक धूसर व्हिडिओ आला, त्यावर आजपर्यंत वाद, सरकारने २०२१ मध्ये नामशेष म्हणायचा प्रस्ताव मांडला आणि २०२३ मध्ये बाकीच्या यादीवर शिक्कामोर्तब केलं तेव्हा या एकाला बाजूला ठेवलं. मला विचाराल तर धूसर व्हिडिओ म्हणजे धूसर व्हिडिओ, पण मी त्या दलदलीत गेलेले नाही.

सापडल्यानंतर गप्प बसायचं हा अजून एक भाग, तो आपल्याला सोशल मीडियावाल्यांना जड जातो. वॉलेसची महाकाय मधमाशी, पंखांचा पसारा ६ सेंटिमीटरच्या आसपास, २०१९ मध्ये इंडोनेशियात जिवंत दिसली, पण त्याच्या आधीच २०१८ मध्ये तिचा एक मेलेला नमुना ईबेवर ९ हजार डॉलरच्या वर विकला गेला होता. चीनमधल्या एका पालीचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं, जागेसकट, आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी लोकांनी तिथे जाऊन ती जागाच साफ केली. म्हणून आता बरेच शोधनिबंध नेमकी जागा लिहितच नाहीत. आपल्याकडे घुबडाच्या ढोलीचा फोटो लोकेशनसकट टाकतात आणि पुढच्या रविवारी खाली १२ कॅमेरे उभे, त्यातला एक जण टाळ्या वाजवून त्याला उडवायला बघतोय, हे मी स्वतः बघितलंय, कुठे ते सांगणार नाही.

काका आता टेकडीवर दिसेल त्या प्रत्येक पिंगळ्याचा फोटो काढून मला पाठवतात, खाली एकच ओळ, "आधार तपासून सांग." आज सकाळचा अकरावा होता. डोक्यावर भरपूर पांढरे ठिपके, आपला साधाच, आणि त्याने काकांकडे असं बघितलंय की जणू तोच त्यांची नोंद घेतोय.